तेलापुढे टिकेल तो जोड

पुणे शहर व परिसरातील तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, या शहरात रोज ज्या वेण्या, जे अंबाडे, ज्या बटा आणि जे मोकळे सोडलेले रेशमी केस आपल्या डोळ्यांसमोरून जातात, त्यांपैकी बरेचसे केस ज्या डोक्यावर दिसतात त्या डोक्यात उगवलेले नाहीत. ही बाब आजवर आपल्यापासून लपवून ठेवण्यात आली होती. ती लपवण्यात प्रस्तुत लेखिकेचा मोठा हात आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. शेजारी बसलेल्या बाईची वेणी ओढून पाहू नये. ओढल्यास जे काही होईल त्यास आम्ही जबाबदार नाही. आणि ओढून काही निघणारही नाही, कारण जोड माझा आहे.

झाली घोषणा. आता घोटभर पाणी पिते आणि सांगते.

मी केस जोडते. बिबवेवाडीत पिठाच्या गिरणीच्या वर, पहिल्या मजल्यावर माझं पार्लर आहे. तिथे भुवया कोरणं, फेशियल, मेंदी सगळं होतं आणि दुकान चालतं ते त्याच्यावरच. पण माझा जीव रमतो केसांना केस जोडण्यात. आमच्या आईच्या वेळी गंगावन मिळायचं. वेणीत गुंफलं की वेणी एकदम कमरेखाली. आता त्याला हेअर एक्स्टेन्शन म्हणतात आणि एसी लावून करतात. फरक एवढाच की गंगावन वेणीत लपायचं आणि आजच्या मुलींना केस मोकळे सोडायचे असतात. मोकळ्या केसांत जोड लपवणं म्हणजे भर चौकात, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत चोरी करणं. मला ती फार आवडते.

"खोटे केस लावता? म्हणजे लोकांना फसवताच की!" असं एका लग्नाच्या पंगतीत एका गृहस्थांनी मला तोंडावर ऐकवलं होतं. मी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. मिशा कुळकुळीत काळ्या, भुवया पांढऱ्याशुभ्र.

"काका," मी म्हटलं, "भुवयांना लावायचं राहिलं वाटतं."

ते मठ्ठा आणायला म्हणून उठले ते परत आले नाहीत.

कवळी बसवणाऱ्याच्या दारावर डॉक्टर म्हणून पाटी लागते. चष्मा लावून फिरणाऱ्याला कोणी विचारत नाही की, का हो, ही नजर तुमची स्वतःची का? केसांच्याच बाबतीत लोकांना एकदम सत्य आठवतं. मी असलं ऐकून घेत नाही. पूर्वी घेत असे. हसून सोडून देत असे. आता पन्नाशी उलटली, आता सोडत नाही.

तर हा धंदा काय आहे ते आधी साध्या भाषेत सांगते, म्हणजे पुढचं रामायण कळेल. जोडायचे केस माणसाचेच असतात. कुठेतरी कोणीतरी देवाला वाहिलेले, कापलेले, धुऊन निवडलेले. आता ते दुसऱ्याच्या केसांना धरून ठेवायचे कसे, एवढाच प्रश्न. आणि या एवढ्याशा प्रश्नावर जगभर यंत्रं निघाली आहेत.

सगळ्यांत सोपी क्लिप. सकाळी लावा, संध्याकाळी काढा. फोटोपुरती उत्तम. दुचाकीवर मात्र नको. माझ्या गिऱ्हाइकांतली एक मुलगी मैत्रिणींबरोबर खडकवासल्याला कणीस खायला निघाली होती. मी बजावलं होतं, वरून स्कार्फ बांध. पण नवे केस स्कार्फखाली झाकायचे तर लावले कशाला, असं तिला वाटलं. वाटेत क्लिप सुटली, बट उडाली आणि मागून येणाऱ्या स्कूटरवरच्या आजोबांच्या हेल्मेटच्या काचेवर जाऊन बसली. आजोबांनी स्कूटर बाजूला घेतली, बट दोन बोटांत धरली आणि या मुलींना गाठून विचारलं, "आपलं आहे का हे?"

मुलगी लाजून म्हणाली, "नाही."

"ठीक आहे," आजोबा म्हणाले, "मग चौकीत जमा करतो." आणि खरोखर खिशात घालून घेऊन गेले.

दुसरी पद्धत टेपची. वरून एक चिकट पट्टी, खालून एक चिकट पट्टी आणि मधे आपले केस, सँडविचसारखे. पटकन होतं, डोक्याला सपाट बसतं, घाईच्या बायकांना आवडतं. पण घाम आला की टेपचा धीर सुटतो. ढोलपथकातल्या एका मुलीने हट्टाने टेप लावून घेतली होती. मिरवणुकीत ती तासन्‌तास ढोल बडवत होती. घामाच्या धारा लागल्या आणि ऐन रंगात मानेवरची एक पट्टी निसटून ढोलाच्या पानावर पडली. शेजारची ओरडली, "ए, उंदीर!" निम्मी रांग मागे सरली. ही बया मात्र थांबली नाही. पुढच्या टोल्याला बट उडाली, त्याच्या पुढच्या टोल्याला परत खाली आली, आणि ही आपली वाजवतेच आहे. ती बट घेऊन ती मला दाखवायला आली तेव्हा मी तिला म्हटलं, बाई, तू माझ्या टेपपेक्षा पक्की आहेस.

तिसरी पद्धत कडीची. मोहरीएवढी धातूची कडी, तिच्यातून घरचा केस आणि पाहुणा केस दोन्ही ओवायचे आणि बारीक पकडीने कडी दाबायची. गोंद नाही, उष्णता नाही. चौथी शिवणीची. डोक्यावर आडव्या बारीक वेण्या घालायच्या आणि त्यांच्यावर केसांची झालर चक्क सुईदोऱ्याने शिवायची. अशी पक्की बसते की भूकंपात बाई जाईल, झालर राहील. पण मुळांना ताण बसतो. पहिल्या रात्री वाटतं, कोणीतरी आपल्याला शेंडीने छताला टांगलंय.

आणि पाचवी माझी लाडकी, गरम जोडाची. बटेच्या टोकाला केराटीनचा कण असतो. आपला केस ज्या द्रव्याचा बनतो त्याच जातीचं हे द्रव्य. तापलेल्या चिमट्याने तो कण वितळवायचा आणि निवायच्या आत बोटांनी वळून केसाभोवती गुंडाळायचा. चांगला वळला तर बोटांना साबुदाण्याचा दाणा लागल्यासारखं लागतं, डोळ्यांना काहीच दिसत नाही. इतकी वर्षं हे वळून वळून माझ्या बोटांच्या टोकांवरच्या रेषा गेल्या. आधारच्या यंत्रावर माझा अंगठा उमटत नाही. तिथला माणूस म्हणाला, "बाई, तुम्ही अस्तित्वातच नाही." मी म्हटलं, "अहो, तेच तर माझं काम आहे. मी होते हे कोणाला कळता कामा नये."

हसण्यावारी नेलं, पण ही गोष्ट मला बोचते. शिंप्याला कोणी सांगतं, ब्लाउज काय सुंदर शिवलाय! मेंदीवालीचा हात धरून बायका चौकशी करतात. माझ्या कामाचं कौतुक झालं, की समजायचं काम फसलं. मंडईत समोरासमोर आलेली माझी गिऱ्हाइकं कोथिंबिरीच्या जुडीत तोंड घालतात, मी ओळख दाखवू नये म्हणून. माझ्याकडे दाखवायला एक फोटो नाही. सगळ्यांनी शपथा घालून पुसायला लावले.

त्यातल्या त्यात एक आजी मला भेटल्या त्या मात्र वेगळ्या. पेठेतल्या. अंबाडा सुपारीएवढा उरला होता. त्या श्रीखंडाचा मोठा डबा घेऊन आल्या. उघडला तर आत केस. इतक्या वर्षांत विंचरताना गेलेला एकेक केस त्यांनी बोटाभोवती गुंडाळून जपून ठेवला होता.

"केस घेऊन भांडी देणाऱ्या बायका यायच्या दारावर. एकीला दिला नाही," त्या म्हणाल्या. "माझे मला परत लावा. दुसऱ्याचे नकोत."

आता अडचण अशी की केसाला दिशा असते. मुळाकडची बाजू आणि शेंड्याकडची बाजू. सगळ्या मुळांची तोंडं एकीकडे नसली तर केस एकमेकांत अडकून त्याची घोंगडी होते. आणि आजींच्या डब्यात सगळा गुंताच. एकेक केस बोटांत फिरवून त्याचं मूळ ओळखत मी दुपारच्या दुपारी घालवल्या. खालच्या गिरणीतून पीठ उडत वर यायचं, की पुन्हा सगळे झटकायचे. शेवटी लहानसं गंगावन झालं. त्यात काही केस काळे होते, काही करडे, काही पांढरे; बाईंचं सगळं आयुष्य एका वेणीत. आजींनी ते अंबाड्यात घालून आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालंय." पेठेतल्या माणसाने 'बरं' म्हणणं म्हणजे काय, हे पुण्याबाहेरच्यांना मी समजावून सांगू शकत नाही.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एक दिवस अंकित नावाचा तरुण एक पेटी घेऊन जिना चढून आला. विक्रेत्याकडून यंत्राचं प्रात्यक्षिक दाखवायला. पेटीतून मिक्सरएवढं एक यंत्र निघालं, त्याला वायर आणि वायरीच्या टोकाला चिमटा. या यंत्राची करामत अशी की चिमटा तापतच नाही. तो इतका भराभर थरथरतो की डोळ्याला दिसतही नाही, आणि त्या थरथरण्याने केराटीनचा कण आतल्या आत वितळतो. फक्त कानाशी डास गुणगुणल्यासारखा बारीक आवाज.

"मॅम, हे आलं की तुमचा तो चिमटा डायरेक्ट म्युझियममध्ये," अंकित म्हणाला. "नो हीट, नो डॅमेज, नो टेन्शन."

"आणि तेल?"

"कुठलं तेल?"

"खोबरेल."

"मॅम, कंपनी सांगते, क्लायंटला सांगायचं, मुळांना तेल लावायचं नाही."

"बिबवेवाडीत?"

"हो ना."

"दिवाळीच्या पहाटेसुद्धा?"

अंकितने पेटीतलं माहितीपत्रक काढून दोन्ही बाजूंनी पाहिलं. त्यात दिवाळी नव्हती.

वाचकहो, सगळी मेख इथे आहे. ही यंत्रं ज्यांनी शोधली त्या थोर माणसांना त्यांच्या आयांनी कधी पाटावर बसवून डोक्यावर तेल थापलेलं नाही. आपल्याकडे मुलगी माहेरी आली की तेल. परीक्षा आली की तेल, बाळंत झाली की तेल, झोप येत नाही म्हणून तेल आणि फार झोपते म्हणूनही तेल. आणि तेल म्हणजे जोडाचा यमराज. टेपचा चिकटपणा ते खातं, केराटीनला मऊ करतं, कडीला घसरवतं. जगातल्या सगळ्या पद्धतींची तुलना लोक दिसतं कसं आणि टिकतं किती यावर करतात. माझा प्रश्न एकच होता. आत्याबाईने वाटी घेऊन हल्ला केला तर काय?

मी अंकितला म्हटलं, यंत्र थोडे दिवस इथे ठेव. आणि पार्लरमधल्या मदतनीस मुलीकडून स्वतःच्याच डोक्याचे भाग पाडून घेतले. डाव्या कानामागे टेप, उजव्या कानामागे कड्या, मागे एक ओळ माझ्या जुन्या चिमट्याची, तिच्याखाली एक ओळ नव्या यंत्राची आणि थोडीशी जागा शिवणीला. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले, पेपर वाचत बसले होते. पेपर जरासा खाली करून म्हणाले, "एकच डोकं आहे. त्यात किती बिऱ्हाडं ठेवणार?"

"अहो, बोलू नका. तेलाची वाटी आणा आणि चोळा."

"मी?"

"मग काय शेजाऱ्यांना बोलावू?"

ते उठले, वाटी घेऊन आले आणि दिवसामागून दिवस, तक्रार न करता, माझ्या डोक्याला तेल चोळत राहिले. कधी गार तेल, कधी कोमट. मग मी स्कार्फ बांधून, वर हेल्मेट चढवून स्वारगेटपर्यंत जाऊन यायची, स्वयंपाकघरात घाम काढायची, टँकरच्या पाण्याने न्हायची आणि प्रत्येक जोड बोटांनी चाचपायची.

टेपने पहिल्याच न्हाण्याला मान टाकली. एक पट्टी ह्यांच्या शर्टाला पाठीमागे चिकटली आणि ते तसेच सोसायटीच्या मीटिंगला गेले. तिथे कोणी काही बोललं नाही, पण पार्किंगच्या विषयावर त्या दिवशी ह्यांना कोणी विरोध केला नाही म्हणे. कड्या हळूहळू खाली उतरत गेल्या, लिफ्टमधल्या माणसांसारख्या, शिस्तीत. शिवण जागची हलली नाही, पण माझ्या भुवया वर ओढल्या गेल्या आणि मी आठवडाभर सगळ्यांकडे आश्चर्याने पाहत होते. गरम चिमट्याचे आणि यंत्राचे जोड मात्र गार तेलाला पुरून उरले. कोमट तेल रात्रभर मुरलं तेव्हा दोन्ही मऊ पडले. आणि इथे मला जड मनाने कबूल करावं लागतं की यंत्राचे दाणे माझ्यापेक्षा बारीक होते. चपटे, हलके, नाजूक केसालाही पेलतील असे. मी वळलेला दाणा साबुदाणा, तर यंत्राचा राजगिरा.

मी अंकितला फोन केला. "यंत्र घेते. चिमटा म्युझियममध्ये जाणार नाही, जाड केसांना मला तोच लागतो. आणि तुझ्या कंपनीला कळव, पुण्यात एका बाईने नवऱ्याकडून तेल चोळून घेऊन चाचणी केली."

"हे असंच कळवू, मॅम?"

"असंच."

या यंत्रावरचं पहिलं मोठं काम म्हणजे रोशनी.

ती यवतमाळकडची, इथे आयटीत नोकरीला. पुण्यात मुलगी स्कार्फ बांधून आली तर कोणाला काही वाटत नाही, पण ही आत येऊन बसली तरी स्कार्फ सोडेना. "ताई, दार लावता का?" म्हणाली. मग सोडला. डेंग्यू होऊन गेला होता आणि त्यानंतर केस मुठी-मुठीने गेले होते. भांग बोटभर रुंद झालेला. मानेवर आणि कानांमागे मात्र बरे होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, केस परत येतील, वेळ लागेल. लग्न तेवढं थांबणार नव्हतं.

"नवऱ्यामुलाला माहीत आहे?"

"त्याला सगळं माहितेय. तो म्हणतो, टक्कल करून ये, मीपण करतो."

"मग अडलं कुठे?"

तिने मांडीवरच्या स्कार्फची घडी घातली. "त्याची आई पाहायला आली होती ना, तेव्हा आजारी नव्हते मी. त्या फार बोलत नाहीत. दुसरं काहीच बोलल्या नाहीत, ताई. फक्त म्हणाल्या, केस छान आहेत हो."

दुसऱ्या दिवशी तिची आई बरोबर आली. आई जास्त घाबरलेली. "पुण्याची माणसं आहेत, ताई. बोलून दाखवणार नाहीत आणि विसरणारही नाहीत. मुलीत खोट होती, लपवून दिली, असं जन्मभर मनात धरतील. तुम्ही शिवूनच टाका. पक्कं राहील."

मी साफ नाही म्हटलं. शिवण तेलाला दाद देत नाही हे खरं, पण रोशनीचे जे केस उरले होते ते त्या ताणाने गेले असते. एका दिवसाच्या फोटोसाठी मी कोणाच्या डोक्यावरचं पीक उपटत नाही. आई रागावली, दुसरीकडे जाते म्हणाली. मी म्हटलं, खुशाल जा, पण तिथेही शिवून घेऊ नका. ती दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली.

मग ठरलं ते असं. यंत्राचे बारीक जोड, फक्त मानेवर आणि कानांमागे, जिथे केस धट्टेकट्टे आहेत तिथेच. वरच्या विरळ भागाला हात लावायचा नाही, खालचे केस वर घेऊन तो झाकायचा. आणि एक अट. लग्न लागेपर्यंत डोक्याला तेल नाही.

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

"हळदीला आमच्याकडे तेल चढवतात," आई म्हणाली. "हिची मोठी आत्या चढवणार."

"मग आत्याला आधी सांगून ठेवा."

"आत्याला सांगितलं म्हणजे यवतमाळला सांगितलं."

"रोशनी, मग तू सांग."

रोशनीने होकारार्थी मान हलवली. ज्या पद्धतीने हलवली त्यावरूनच मला कळलं की ही सांगणार नाही.

काम मात्र असं झालं होतं की माझं मलाच कौतुक. रोशनीने आरशात पाहून आधी डावीकडे वळून पाहिलं, मग उजवीकडे, आणि मग एकदम जोरात मान झटकली. सगळे केस उडाले आणि जागच्या जागी येऊन बसले. ती हसली, आणि स्कार्फ खुर्चीवरच विसरून गेली.

हळदीच्या दिवशी सकाळी तिचा फोन. कुजबुजत होती. "ताई, तेल लागलं."

"कधी?"

"काल संध्याकाळी. आत्या आली आणि म्हणाली, पोरीचं डोकं तापलंय. मी नाही म्हणू शकले नाही, ताई. ती यवतमाळहून घाण्याचं तेल घेऊन आली होती."

"किती लावलं?"

"वाटीभर."

"गार?"

"कोमट."

मी रिक्षा केली. मांडीवर यंत्राची पेटी, पायाशी बटांची पिशवी. कार्यालय स्वारगेटजवळच होतं, पण स्वारगेटच्या चौकात अडकलेल्या रिक्षात बसून 'जवळच' या शब्दाचा विचार करून पाहावा. पोहोचले तेव्हा हळद सुरू झालेली. रोशनी पाटावर, अंगभर पिवळी. मुलाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आलेल्या आणि पुढच्या खुर्चीवर होणाऱ्या सासूबाई, कुमुदताई. निवृत्त शिक्षिका, इस्त्रीची सुती साडी, पाठ ताठ. आणि पाटामागे मोठी आत्या, हातात दुसरी वाटी. तीही वाफाळती.

मी पुढे घुसले. "आत्याबाई, तेल बास आता. मेकअप बसणार नाही."

"मेकअपवाली मले सांगते काय वं!" आत्या हसत म्हणाली. मोठी प्रेमळ बाई, हात पाट्यावरवंट्याचे. "तेल चढल्याबिगर नवरी व्हते काय? लेकरू दिवसभर त्या कम्प्युटरपुढं बसते. डोस्कं पाहा कसं तापलं."

आणि तिने दोन्ही हातांनी चोळायला सुरुवात केली. मानेपासून वर, कानांमागून खाली, नेमकी माझ्या जोडांवरून. रोशनी डोळे मिटून बसली होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मिटले.

आणि आत्याचा हात खाली आला तो बट घेऊनच. लांबसडक, चमकदार, तेलाने निथळणारी.

"अगं माय वं!" आत्याने टाहो फोडला. "पोरीचे केस माह्या हाती आले! म्या उपटले वं! म्या कसायीण!" आणि ती बिचारी खरंच रडायला लागली.

गाणी थांबली. आई धावत आली, "ते मेकअपचं आहे, मेकअपचं," असं काहीबाही म्हणत. कुमुदताई उठल्या. त्यांनी पर्समधून चष्मा काढला, लावला, आत्याच्या हातातून ती बट घेतली आणि तिच्या टोकाचा राजगिऱ्याएवढा दाणा उजेडाकडे धरून पाहिला.

"हे काय आहे?"

मी तोंड उघडलं. अशा वेळी सांगायच्या थापा माझ्याकडे कायम तयार असतात, एकाहून एक सुंदर. पण रोशनी पाटावरून उभी राहिली. हळदीने माखलेली, तेल कपाळावर ओघळतंय, केसांची एक बाजू घसरलेली. ती थेट कुमुदताईंकडे वळली.

"केस आहेत, आई. डेंग्यूमध्ये माझे गेले. हे ताईंनी जोडलेत."

तिची आई मटकन खुर्चीत बसली. मुलाकडच्या बायकांत कुजबुज सुरू झाली. मी पदर खोचला. खरंच सांगते, त्या घटकेला त्या सबंध वऱ्हाडाशी भांडायची माझी तयारी होती, एकेकीच्या डोक्यावरचा रंग आणि दातांमधली चांदी काढून.

आत्याने डोळे पुसले. "म्हंजे हे केस तुहे नाहीत?"

"माझेच आहेत, आत्या," रोशनी म्हणाली. "विकत घेतलेत."

कुमुदताईंनी हातातल्या बटेकडे पाहिलं. मग रोशनीकडे, तिच्या त्या रुंद भांगाकडे, बराच वेळ. मग त्यांची नजर आत्याच्या हातातल्या वाटीवर गेली, आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजात त्या कडाडल्या,

"अहो, मग तेल काय ओतताय वाट्यांवर वाट्या! जपा जरा, विकतचे आहेत ते!"